आमच्या दाराचा रंग, विमानाने

आमच्या दाराचा रंग निळा आहे असं मी म्हटलं की बायको म्हणते हिरवा, आणि तिने हिरवा म्हटलं की मी म्हणतो निळा. संसार टिकायला एवढा मतभेद पुरतो. खरं म्हणजे तो या दोन्हींच्या मधला कुठला तरी रंग आहे आणि कोपऱ्यावरच्या रंगवाल्याशिवाय तो कुणालाच जमत नाही. हा माणूस डब्यात काठी घालून ढवळतो, अंगठ्याच्या नखावर एक थेंब घेतो, उजेडात धरून बघतो आणि म्हणतो, झाला. कंपनीने दिलेलं रंगांचं जाडजूड पुस्तक त्याच्याकडे आहे, पण ते दुकानातल्या टेबलाच्या आखूड पायाखाली असतं.

या रंगाचा अर्ध्या लिटरचा एक डबा मला विमानाने पाठवायचा होता. एवढंच. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकिगत ऐकल्यावर लोक जरा मागे सरकून विचारतात, की तुम्ही नक्की पाठवत काय होता?

डबा जायचा होता माझ्या नातीकडे. लेक आणि जावई नोकरीसाठी परदेशी गेले तेव्हा नात अडीच वर्षांची होती. बस्तान बसेपर्यंत तिला आमच्याकडे ठेवली. बस्तान बसायला पुढची अडीच वर्षं लागली, आणि त्यात तिला न्यायचा दिवस येणारच आहे ही गोष्ट आम्ही दोघंही सोयीस्करपणे विसरलो. तो आला. लेक येऊन तिला घेऊन गेली. तिकडे त्यांचं घर सातव्या मजल्यावर, लांबलचक पॅसेज, आणि त्या पॅसेजमध्ये ओळीने अकरा पांढरी दारं. शाळेतून आली की नात जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून राहायची. म्हणायची, हे आपलं घर नाही, आपल्या घराला असलं दार नसतं. मग लेक तिला उचलून आत न्यायची. पहिल्या आठवड्यात लेकीने हे आम्हाला हसत सांगितलं. पाचव्या आठवड्यात ती हसता हसता थांबली आणि म्हणाली, "बाबा, रोज उचलून न्यावं लागतं हो. स्वतःच्या पायाने एकदासुद्धा आत आली नाही."

मला ते ऐकवेना. मी म्हटलं, फोन तिच्याकडे दे. आणि तिला सांगून टाकलं की आपल्या दाराचा रंग मी पाठवतो, तुझा बाबा तो तुमच्या दाराला लावेल, म्हणजे झालं. तिने विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. तिने विचारलं, कशाने पाठवणार? मी म्हटलं, विमानाने. पाच वर्षांच्या माणसाला दिलेला शब्द कागदावर नसतो, म्हणूनच तो मोडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मी पार्सलच्या ऑफिसात गेलो. खिडकीतल्या माणसाने विचारलं, काय आहे यात? मी म्हटलं, रंग. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात सुचवलं की काका, ‘भेटवस्तू’ लिहा. मी म्हटलं, भेटवस्तूच आहे, पण रंगाची. तो म्हणाला, रंग लिहिलंत तर जाणार नाही, भेटवस्तू लिहिलंत तर कुणी बघणार नाही. मी म्हटलं, अहो, पण डबा तोच आहे. तो म्हणाला, तेच तर म्हणतोय मी.

इथे माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी चौतीस वर्षं अर्ज छाननी विभागात काढली. माझ्या टेबलावरून पहिल्या फेरीत पुढे गेलेला अर्ज आजवर कुणी पाहिलेला नाही. एकदा सख्ख्या मेव्हण्याचा अर्ज मी दोनदा परत पाठवला होता. तिसऱ्यांदा तो स्वतः आला, अर्ज टेबलावर ठेवला आणि चहा न घेता निघून गेला. अशा माणसाने स्वतःच्या हाताने रकान्यात खोटं लिहायचं? मी डबा पिशवीत घातला आणि ताठ मानेने बाहेर पडलो. बसमध्ये बसल्यावर मान जरा दुखायला लागली.

आमच्या समोर एक गृहस्थ राहतात. त्यांना सगळी इमारत ‘अनुभवी’ म्हणते, कारण ते प्रत्येक वाक्य ‘अनुभवाने सांगतो’ असं सुरू करतात. मी पिशवी घेऊन परत आलेला दिसताच ते मागोमाग घरात आले. अनुभवाने त्यांनी सांगितलं की रंग फ्रीजरमध्ये गोठवावा, म्हणजे तो द्रव राहत नाही. मी नको म्हणत असताना त्यांनी डबा फ्रीजरमध्ये ठेवलादेखील. दोन दिवसांनी रंग होता तसाच होता, पण बर्फाला आणि दुधाला टर्पेंटाइनचा वास यायला लागला. मग अनुभवाने त्यांनी सांगितलं की रंग शाम्पूच्या बाटलीत भरावा, शाम्पूला कुणी अडवत नाही. मी म्हटलं, हे तर ‘भेटवस्तू’पेक्षा वाईट. ते म्हणाले, नुसतं मावतंय का बघू. आमच्या न्हाणीघरातली अर्धी रिकामी बाटली त्यांनी धुऊन घेतली, प्रयोगापुरता चार बोटं रंग तिच्यात ओतला आणि तेवढ्यात त्यांच्या घरून हाक आली म्हणून बाटली तिथेच ठेवून ते गेले. ही बाटली लक्षात ठेवायला मी विसरलो.

आता मी ठरवलं की जे करायचं ते रीतसर. विमानाने माल पाठवणाऱ्या मुख्य कार्यालयात फोन केला. पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, रंग जातो. नाही असं नाही. ज्वलनशील द्रव म्हणून, योग्य खोक्यात, योग्य खुणा लावून, घोषणापत्रासह जातो. फक्त ते घोषणापत्र प्रशिक्षण घेतलेल्या माणसानेच भरावं लागतं. त्यांनी लगेच हेही सांगितलं की तुम्ही कशाला त्रास घेता, यासाठी एजंट असतात, ते भरून देतात.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. माझा अर्ज दुसरा माणूस भरणार? मी विचारलं, प्रशिक्षण किती दिवसांचं असतं? त्या म्हणाल्या, तीन दिवस, शेवटी परीक्षा. मी विचारलं, वयाची अट? बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. अट नव्हती. बायकोने हे ऐकलं तेव्हा ती भाजी चिरत होती. ती एवढंच म्हणाली, "अहो, अर्धा लिटर रंग आहे तो." आणि चिरत राहिली. तिला माझी सवय आहे.

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी मी पहाटेपासून तयारीला लागलो. सहा पेन्सिली टोकदार केल्या, नवी वही घेतली, डोक्यावरून अंघोळ केली. अंघोळ करताना वास आला, नाही असं नाही, पण तोवर आठवडाभर घराला तोच वास येत होता. केसांत फेस का येत नाही याचा विचार करत मी आरशासमोर आलो तर डावा कान, मान आणि डोक्यावर जे काही शिल्लक आहे ते सगळं आमच्या दाराच्या रंगाचं झालेलं. "हिरवाच आहे," बायको म्हणाली. मग तिने मला स्टुलावर बसवलं आणि टर्पेंटाइनमध्ये फडकं बुडवून अर्धा तास घासलं. लहानपणी आई घासायची तितक्याच जोरात, पण मध्ये मध्ये तिचा हात थांबायचा. हसू आवरत होती हे मला मागे न बघताही कळत होतं. शेवटी कानाच्या पाळीमागचा रंग काही निघाला नाही.

वर्गात माझ्याशिवाय अठरा जण होते. सगळे गोदामातले, प्रयोगशाळेतले, विमानतळावर माल चढवणारे. मी सगळ्यांत मोठा, म्हणून पहिल्या पाच मिनिटांत सगळ्या वर्गाचा काका झालो. शिकवणाऱ्या बाई माझ्या लेकीच्या वयाच्या, पांढरा शर्ट, आवाज खणखणीत. त्या आत आल्या, दोन पावलं चालल्या आणि थांबल्या. हवा हुंगून त्यांनी विचारलं की वर्गात कोणी ज्वलनशील द्रव आणला आहे का? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी उभा राहिलो आणि म्हटलं, आणलेला नाही, लावलेला आहे. चौतीस वर्षांच्या नोकरीत लोकांनी माझ्याविषयी पाठीमागे पुष्कळ बोलून घेतलं असेल, पण अठरा माणसं तोंडावर हसण्याची ही पहिलीच वेळ. बाईंनी मला खिडकीजवळच्या बाकावर बसवलं आणि खिडकी उघडली.

पण पहिला तास सुरू झाला आणि मी अपमान विसरलो. मला वाटलं होतं की हे सगळं आमच्या विभागासारखंच असणार, नियमांसाठी नियम. ते तसं नव्हतं. धोकादायक वस्तूंचे नऊ वर्ग असतात. स्फोटक पहिला, वायू दुसरा, पेट घेणारे द्रव तिसरा, असं करत नवव्यापर्यंत. रंग तिसऱ्यात. प्रत्येक वर्गाचा चौकोन कोपऱ्यावर उभा केलेला, तिसऱ्याचा लाल, त्यावर ज्वाळा. एका भल्यामोठ्या पुस्तकात हजारो वस्तूंची यादी, प्रत्येकीला आपला क्रमांक, कुठल्या खोक्यात घालायची, किती घालायची, प्रवाशांच्या विमानात चालते की फक्त मालाच्या, सगळं रकान्यांत आखलेलं. इतके सुंदर रकाने मी आयुष्यात पाहिले नव्हते. घोषणापत्राच्या दोन्ही कडांना लाल तिरप्या रेघा, आणि खाली पाठवणाऱ्याची सही. ती सही दुसऱ्या कोणी करायची नाही असं बाईंनी तीनदा सांगितलं. मला एजंटची आठवण झाली आणि मी ताठ बसलो.

मग बाईंनी विचारलं की हे सगळं कशासाठी? माझ्या शेजारी बसलेल्या, पिंपासारख्या छातीच्या माल चढवणाऱ्या माणसाने सांगितलं, साहेब ओरडतात म्हणून. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "वर गेलं की हवेचा दाब बदलतो. थंडी, गरमी, हादरे असतात. घट्ट वाटणारं झाकण सैल होतं. जमिनीवर गाडीत धूर दिसला तर आपण गाडी कडेला घेतो, दार उघडतो, उतरतो. विमान कडेला घेता येत नाही. आणि आपण ज्या मालावर खोटं लिहितो ना, त्याच्या बरोबर वर, एका पत्र्याच्या अंतरावर, कुणाचं तरी पोर झोपलेलं असतं."

मी पेन्सिल खाली ठेवली. दोन महिन्यांपूर्वी आमची नात अशाच विमानातून गेली होती. आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, लेकीने फोटो पाठवला होता. तिच्या खाली काय काय होतं कुणास ठाऊक. कुणीतरी कुठल्यातरी खिडकीवर खरं लिहिलं म्हणून ती तिकडे उतरली. पार्सलच्या खिडकीतल्या माणसाने सुचवलेला ‘भेटवस्तू’ हा शब्द मी लिहिला नाही याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं. त्याआधी नुसताच अभिमान वाटत होता.

दोन दिवस मी जीव ओतून अभ्यास केला. बायको रात्री जेवताना माझी उजळणी घ्यायची. आगपेटी कितवा वर्ग, उंदराचं औषध कितवा, थर्मामीटरमधला पारा कितवा. पारा आठवा. विमानाचं ॲल्युमिनियम तो खातो, म्हणून. हे कळल्यावर तिने औषधांच्या डब्यातला जुना थर्मामीटर उचलून वेगळा ठेवला, जणू आमचं घर केव्हाही उडणार होतं. परीक्षेत मला शंभरापैकी शहाण्णव मिळाले. छापील प्रश्नपत्रिकेत मी तीन चुका काढून दिल्या त्याचे गुण धरले नाहीत, पण बाईंनी त्या लिहून घेतल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर प्रात्यक्षिक होतं. ज्याने त्याने आपल्या नेहमीच्या मालाचं घोषणापत्र भरायचं होतं. माझ्याजवळ माल एकच. आता रंगात काय काय आहे ते बनवणाऱ्याने लेखी द्यायला हवं, म्हणून आदल्या संध्याकाळी मी रंगवाल्याकडे गेलो होतो. सोळा मुद्द्यांचा छापील नमुना त्याच्यासमोर ठेवला. तो चष्मा लावून बराच वेळ बघत राहिला. जवसाचं तेल त्याने सांगितलं, टर्पेंटाइन सांगितलं, दोन प्रकारची पूड सांगितली. मग म्हणाला, आणखी एक गोष्ट असते, ती सांगत नाही. मी हात जोडले. नातीचं सगळं सांगितलं. तो कळवळला, डबा फुकट देतो म्हणाला, वाटलं तर दोन देतो म्हणाला, पण ती एक गोष्ट सांगेना. म्हणाला, "वडिलांनी मला एकट्याला सांगितलीय. माझ्या बायकोलासुद्धा माहीत नाही. कागदावर कशी लिहू?" त्याचे डोळे भरून आले होते. मी त्याला जास्त ताणलं नाही. माणसाजवळ सोळापैकी एक मुद्दा आपला स्वतःचा असावा, असं मला तेव्हा वाटलं. ऑफिसात असतो तर वाटलं नसतं.

तर मी घोषणापत्र भरलं. अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड नाही. सगळ्यांची भरून झाल्यावर बाई म्हणाल्या, आता तुम्ही पाठवणारे नाही. तुम्ही विमानतळावर माल स्वीकारणारे आहात. ही तपासणी यादी घ्या आणि स्वतःचाच माल तपासा. एकही उत्तर ‘नाही’ आलं तर सगळा माल परत.

मी यादी घेतली. वर्ग बरोबर आहे का, हो. खोकं योग्य आहे का, हो. बाण वरच्या दिशेला आहेत का, हो. असं करत मी खाली आलो. रंग किती तापमानाला पेट घेतो, याचा लेखी आधार आहे का? त्यात नेमकं काय काय आहे ते ठाऊक आहे का?

मी तिथे थांबलो. खोलीत सगळे खाली मान घालून खुणा करत होते. कुणी बघत नव्हतं. हा तर नुसता सराव होता. पण हाच कागद मी उद्या खरा म्हणून देणार होतो, आणि खाली जी सही होती ती माझी होती. ती एक गोष्ट म्हणजे काय असेल? बहुतेक काहीच नसेल. चिमूटभर खडूची पूड असेल. आणि पलीकडे सातव्या मजल्यावर एक मूल पायरीवर बसून दिवस मोजत होतं. मी चौतीस वर्षांत हजारो लोकांना परत पाठवलं, पण त्यांच्या घरी पायरीवर कोण बसलंय हे मला कधी कळलं नव्हतं. मला मेव्हण्याची आठवण आली. मग मी लाल पेन्सिल घेतली आणि ‘नाही’वर खूण केली. खाली लिहिलं, माल परत.

बाई फिरत फिरत माझ्याजवळ आल्या, कागद वाचला आणि तिथेच खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "काका, स्वतःचाच माल परत पाठवणारे तुम्ही पहिले." मी त्यांना नातीचं सांगितलं. आवाज जरा कापला, वय झालं की कापतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. काहीतरी वाट काढतील अशी मला वेडी आशा होती, पण त्या म्हणाल्या, तुम्ही बरोबर केलंत, आणि मला वाईट वाटतंय. दोन्ही खरं होतं. त्यांनी मला प्रमाणपत्र दिलं तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत मोठ्याने शेजारच्या पिंपाने.

घरी आलो. प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं, शेजारी डबा ठेवला आणि दोघांकडे बघत बसलो. आता नातीला फोन करून सांगायचं होतं की आबाला विमानाने काय पाठवता येतं ते सगळं येतं, आणि म्हणून तो काहीच पाठवू शकत नाही. बायकोने चहा आणून ठेवला. मी तिला ‘माल परत’पर्यंत सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने नुसती माझ्या पाठीवर दोनदा थाप मारली आणि उघड्या दाराकडे बघत उभी राहिली.

मग तिने विचारलं, "वाळल्यावर पेटतो का हो तो?"

मी म्हटलं, नाही, टर्पेंटाइन उडून गेलं की उरतो तो नुसता थर, तो कुठल्याच वर्गात येत नाही. हे मी पुस्तकातल्यासारखं घडाघडा म्हणून दाखवलं आणि चहाचा घोट घेतला. तेवढ्यात ती म्हणाली, "मग हेच पाठवा ना. वाळलेलंच आहे."

ती दाराविषयी बोलत होती.

मी उठलो आणि वर्गातून मिळालेलं ते भलंमोठं पुस्तक उघडलं. बायकोच्या बोलण्यावर विश्वास नव्हता असं नाही, पण सवय जात नाही. हजारो वस्तूंची यादी बोट ठेवून पाहिली. दार नव्हतं. नऊच्या नऊ वर्गांत कुठेही दार नव्हतं. आमचं दार तर आतून पोकळ प्लायवूडचं, वजनाला हलकं. शहाण्णव गुण मिळवलेल्या माणसाला जे तीन दिवसांत सुचलं नाही ते तिला दाराकडे बघता बघता सुचलं, हे मी तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, हिरवा म्हणा, म्हणजे भरून पावले. मी हिरवा म्हटलं.

सुताराने दार काढायला वीस मिनिटं घेतली आणि नवं दार द्यायला अकरा दिवस. या अकरा दिवसांत आम्ही दाराच्या जागी चादर लावून राहिलो. चादरीला टकटक करता येत नाही, त्यामुळे लोक खोकून आत यायचे. पेपरवाला खोकायचा, दूधवाली खोकायची. वरच्या मजल्यावरच्या आजींना खरोखरच खोकला होता, त्या नुसत्या जिन्याने जायच्या आणि आम्ही दोघं उठून चादर बाजूला करायचो. अनुभवींनी अनुभवाने सांगितलं की दाराशिवायच्या घरात चोर शिरतो, आणि रोज दुपारी खुर्ची टाकून ते स्वतः उंबऱ्यात राखणीला बसले. तिथे त्यांना इतकी गाढ झोप लागायची की चोर आला असता तर त्यांनाही उचलून नेता आलं असतं. पण ते अकरा दिवस न चुकता बसले, हे मला विसरता येणार नाही.

दार घेऊन मी पुन्हा त्याच पार्सलच्या ऑफिसात गेलो. खिडकीतल्या माणसाने विचारलं, काय आहे यात? मी म्हटलं, दार. त्याने विचारलं, दारात काय आहे? मी म्हटलं, काही नाही, ते उघडतं. त्याने आतल्या माणसाला बोलावलं. दोघांनी मिळून दाराला चारी बाजूंनी बोटांनी वाजवून पाहिलं. मी त्यांना रकान्यात काय लिहायचं ते सांगितलं, त्यांनी लिहिलं, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा एक कागद पहिल्या फेरीत पुढे गेला.

तिकडे दार पोचलं आणि लेकीचा फोन आला. ती हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं. घरमालकाने दाराला रंग लावायला साफ मनाई केली होती म्हणे, गेल्याच आठवड्यात. म्हणजे डबा गेला असता तरी उपयोग शून्य. पण आमचं दार त्यांच्या कुठल्याच चौकटीत बसत नव्हतं, दोन बोटं रुंद होतं. जावई आमचा कमी बोलणारा माणूस. त्याने रविवारभर खपून घराच्या आत, चपला काढायच्या अरुंद जागेत, लाकडाची एक मोकळी चौकट उभी केली आणि दार त्यात टांगलं. म्हणजे मालकाचं पांढरं दार उघडलं की पुढे आमचं दार, आणि ते उघडलं की घर.

सोमवारी नात शाळेतून यायच्या वेळी जावई फोन हातात धरून आमच्या दाराच्या आतल्या बाजूला उभा राहिला. फोनवर आम्ही दोघं. बाहेर पावलं वाजली. लेकीने पांढरं दार उघडल्याचा आवाज आला. मग पावलं थांबली. बायकोने माझं मनगट धरलं होतं. मी तिला म्हणणार होतो की रंग प्रवासात उतरला असेल, उजेड वेगळा असेल, मूल आहे, नाही ओळखणार.

आणि दारावर खालच्या बाजूला, कमरेच्या उंचीवर, तीन थापा पडल्या.

जावई दार उघडायला पुढे झाला. बायको म्हणाली, थांबा हो, उघडू नका. ती फोनच्या अगदी जवळ गेली. अडीच वर्षं रोज संध्याकाळी नात खाली खेळून आली की या दोघींचं हे चालायचं आणि मी पेपरातून डोकंही वर काढायचो नाही.

"कोण आहे?" बायकोने विचारलं.

पलीकडून आवाज आला, "मी."

"मी कोण?"

"मीच गं, आजी."

"मग ये ना आत. उघडंच आहे."

दार हललं. जावई बाजूला सरला. नात दप्तरासकट आत आली, स्वतःच्या पायाने, दोन खोल्यांतून धावत गेली, परत आली आणि आजी कुठे आहे ते शोधत फोनपर्यंत पोचली. तिच्या मागे लेक दारात उभी होती, दोन्ही हात मोकळे. मला फोन नीट दिसेना. मी चष्मा पुसला, तरी दिसेना.

नातीने आम्हाला दार दाखवलं, जणू आम्ही ते कधी पाहिलंच नव्हतं. उघडून दाखवलं, लावून दाखवलं. मग एकदम थांबली. तिने विचारलं, "आबा, आता तुझ्या घराला दार नाही?"

मी सांगितलं, आहे की, सुताराने नवीन दिलंय. कसल्या रंगाचं, तिने विचारलं. मी म्हटलं, अजून रंग नाही, नुसतं लाकूड आहे. तिने त्यावर विचार केला. कपाळाला आठी घालून केला, आमच्या विभागात कुणी इतका केला नव्हता.

"मग तुम्ही दोघं इकडे या," ती म्हणाली. "मी कडी लावत नाही."

बायको माझ्याकडे बघत होती. आमचे पासपोर्ट कुठल्या खणात ठेवलेत ते मी आठवत होतो.